कुलूपरावांची उलांडी

हौस माणसाला कुठल्या वयात गाठेल याचा नेम नाही. पण ज्या गृहस्थाने जन्मात कधी हौसेने कागदाची होडीसुद्धा सोडलेली नाही, त्याला ती थेट वीस फुटी होडी होऊन गाठते, तेव्हा शेजाऱ्यांनी खिडक्या उघड्या ठेवाव्यात. फुकटात इतकी करमणूक पुन्हा मिळत नाही. हे ज्यांच्या बाबतीत घडलं ते एका चार मजली इमारतीच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. तोंडावर त्यांना सगळे सेक्रेटरीसाहेब म्हणत आणि पाठीमागे कुलूपराव म्हणत. पाठीमागचं नाव जास्त खरं असल्यामुळे आपणही तेच वापरू.

कुलूपराव विमा कंपनीत होते आणि लोकांचे दावे नाकारणे हे त्यांचं काम होतं. कोणाचं दुकान जळालं, कोणाची गाडी नाल्यात गेली, की कागद त्यांच्या टेबलावर येत. ते चष्मा पुसत, कागद वाचत आणि त्यातली अशी एक अट शोधून काढत की दुकान जळण्यात दुकानदाराचाच दोष ठरे. नोकरीतली ही कला त्यांनी मोठ्या मनाने घरीही आणली होती. जिन्यात कुंडी ठेवायची नाही, सायकल ठेवायची नाही, चप्पलसुद्धा उंबऱ्याच्या बाहेर काढायची नाही, असे त्यांचे नियम होते. पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या कुंड्या त्यांनी भर दुपारी उचलून फाटकाबाहेर ठेवल्या होत्या. त्या दिवसापासून काकू त्यांच्याशी फक्त पाठ फिरवून बोलत.

आणि गच्ची. गच्ची सगळ्यांची होती, आणि सगळ्यांची असल्यामुळे कोणालाच मिळत नव्हती. पोरं पडतील, कपड्यांचं पाणी मुरेल, पापणी लवायच्या आत कोणीतरी तिथे खाट टाकेल, अशी कारणं देऊन कुलूपरावांनी तिला कुलूप घातलं ते घातलंच. खुद्द त्यांच्या बायकोने एकदा उशा उन्हात टाकायला किल्ली मागितली, तर नियम घरापासून सुरू होतो असं तिला ऐकवण्यात आलं. तिने उशा खिडकीत वाळवल्या आणि पुन्हा विषय काढला नाही. बायको पुन्हा विषय काढत नाही म्हणजे तिला पटलंय, असं समजणाऱ्या नवऱ्यांपैकी कुलूपराव एक होते.

ती बोटभर लांबीची पितळी किल्ली त्यांच्या पट्ट्याला उजव्या बाजूला साखळीने लटकलेली असे. मनात जरा शंका आली, कोणी उलट बोललं, लिफ्ट मधेच थांबली, की त्यांचा हात तिकडे जाई. ते उजवीकडे किंचित कलत, किल्ली चाचपत आणि मग सरळ होऊन बोलत. ऑफिसात, घरात, न्हाव्याच्या खुर्चीतही त्यांचं हे चाले. त्यामुळे न्हाव्याने त्यांचा उजवा कल्ला कायमचा आखूड करून ठेवला होता.

आता या सुखात मिठाचा खडा टाकला दुसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्याने. हा माणूस आठवडाभर लोकांच्या दाढा उपटी आणि रविवारी सकाळी गावाबाहेरच्या तलावावर होडी वल्हवायला जाई. परत आला की इमारतीखाली त्याच्याभोवती घोळका जमे. पाणी कसं होतं, वारा कसा होता, बगळा किती जवळून गेला, हे लोक त्याला विचारत. कुलूपराव त्याच वेळी खाली उभे राहून पाण्याच्या टाकीच्या सफाईची सूचना देत असत, पण त्यांना कोणी काही विचारत नसे. वार्षिक सभा तोंडावर आली होती. सेक्रेटरी बदलावा अशी कुजबुज होती आणि प्रत्येक कुजबुजीच्या शेवटी दंतवैद्याचं नाव येत होतं. खुर्ची गेली की किल्ली जाणार, हे सांगायला कोणी ज्योतिषी नको होता.

या होडीच्या खेळाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल त्यात काहीतरी आहे. ही होडी इतकी अरुंद असते की माणूस तिच्यात बसत नाही, अडकतो. अशी होडी पाण्यात ठेवल्याबरोबर उलटणार हे कोणालाही कळतं. म्हणून तिच्या डाव्या अंगाला दोन वाकड्या दांड्या बांधतात आणि त्यांच्या टोकाला एक लांबट पोकळ ओंडका जोडतात. तो पाण्यावर तरंगत शेजारून येत राहतो. त्याला उलांडी म्हणतात. म्हणजे आधी उलटणारी होडी करायची, मग ती उलटू नये म्हणून तिला कुबडी द्यायची, आणि एवढं सगळं करून जिथून निघालो तिथेच घामाघूम होऊन परत यायचं. या प्रकाराला आनंद म्हणायची पद्धत आहे.

एका रविवारी घोळक्यात दंतवैद्याचं बगळ्याचं वर्णन रंगात आलेलं असताना कुलूपराव म्हणाले, "त्यात काय एवढं? बसायचं आणि हात हलवायचे." दंतवैद्य हसून म्हणाला की तलावावरच्या आमच्या क्लबाचा खुला दिवस जवळ आलाय, त्या दिवशी कोणीही वल्हवू शकतं, तुम्हीपण या. माणसाने इथे थांबायचं असतं. पण घोळक्यात काकूही होत्या आणि त्या चक्क तोंड वळवून त्यांच्याकडे बघत होत्या. कुलूपराव उजवीकडे कलले, किल्ली चाचपली आणि म्हणाले, "येणारच आहे. स्वतःची होडी घेऊन."

होडी मिळायला वेळ लागला नाही, कारण त्यांना मेहुणा होता. बायकोच्या या धाकट्या भावाच्या घरात पळायचं यंत्र होतं, त्यावर टॉवेल वाळत. दुर्बीण होती, तिच्यातून समोरच्या इमारतीची गळकी पाइपलाइन दिसे. ढोल होता, तो शेजाऱ्यांनी एका रात्रीत बंद करवला होता. आणि मागच्या अंगणात, गवतात, उलांडीची होडी पालथी पडली होती. मेहुणा तिच्यात एकदाच बसला होता. त्याबद्दल तो फारसं बोलत नसे. "दाजी, तुमच्यासाठीच ठेवली होती," असं म्हणून त्याने ती ज्या चपळाईने टेम्पोत चढवायला मदत केली, त्यावरून कोणाही शहाण्याला काय ते कळलं असतं. कुलूपरावांची बायको एवढंच म्हणाली, "त्याने दिलेली एक तरी वस्तू आपल्याकडे चालली आहे का?" कुलूपरावांना तो प्रश्न वाटला नाही.

होडीमागून सामान आलं. कोणत्याही हौसेत खरी मजा दुकानात असते, पाणी नंतर येतं, आणि आलं नाही तरी चालतं. दुकानदाराने कुलूपरावांना पायापासून डोक्यापर्यंत एकदा बघितलं आणि खूश झाला. पिसासारखं हलकं काळं वल्हं, ते मानेत वाकडं, कारण सरळ वल्ह्याने फक्त अडाणी लोक वल्हवतात. अंगाला चिकटणारी रबरी चड्डी. बोटं उघडी ठेवणारे हातमोजे, म्हणजे जिथे फोड येतात ती जागा सोडून बाकी सगळं झाकणारे. मागे झालर असलेली टोपी. पाठीवर बांधायची पाण्याची पिशवी आणि तिची तोंडापाशी येणारी नळी, कारण चहूकडे पाणी असताना तहान लागली तर काय करणार. भडक पिवळं तरंगजाकीट. हे सगळं चढवून कुलूपराव आरशासमोर उभे राहिले आणि नळीतून एक घोट घेतला. बायको दारातून बघत होती. तिने विचारलं की हे धुवायला टाकायचं का हाताने धुवायचं, आणि उत्तराची वाट न बघता स्वयंपाकघरात गेली.

आता होडी ठेवायची कुठे. गाड्यांच्या जागेत ठेवली तर फाटक अडतं. जिन्याच्या वळणावर ती वळत नाही, आणि जिन्यात वस्तू ठेवायला बंदी कोणी केली होती हे सांगायला नको. राहिली गच्ची. कुलूपरावांनी एक दिवस रजा टाकली, सगळे कामावर गेल्यावर सामान हलवणारे कामगार बोलावले आणि मागच्या बाजूने दोरांनी होडी वर ओढून घेतली. नियम मोडतोय असं त्यांना क्षणभरही वाटलं नाही. गच्चीत "रहिवाशांनी" वस्तू ठेवू नये असा नियम होता आणि ते त्या दिवशी तिथे सेक्रेटरी म्हणून उभे होते.

मग सराव सुरू झाला. दोन जुन्या टायरांवर होडी, उलांडी पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर टेकवलेली, गच्चीचं दार आतून बंद आणि कुलूपराव सगळं सामान अंगावर घालून हवा वल्हवत बसलेले. चार-सहा वेळा डावीकडे वल्हं मारलं की "हप्प" असं ओरडून बाजू बदलायची, हे त्यांनी मोबाइलवर बघितलं होतं. होडी टायरांवर होती आणि उलांडी कट्ट्यावर, त्यामुळे ते कुठेही कलले तरी ती हलत नसे. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की होडी उलटते ही दंतवैद्याने उठवलेली अफवा आहे. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी तक्रार केली की डोक्यावर कोणीतरी हप्प हप्प करतं आणि थोड्या वेळाने धापा टाकतं. पंप जुना झालाय, असं कुलूपरावांनी त्यांना गंभीरपणे सांगितलं. आजोबांनी दुसऱ्या दिवशी पंपाला तेल घालून घेतलं, तरी धापा थांबल्या नाहीत.

इथवर सगळं लपून राहिलं असतं. पण तलाव पाणीखात्याचा होता आणि तिथे होडी घालायची तर तिची नोंद हवी. कुलूपराव कागदपत्रांना भिणारे नव्हते, उलट त्यांना उत्साहच आला. खात्याच्या खिडकीमागचा कारकून त्यांच्याच जातकुळीचा निघाला. त्याने होडीचा फोटो उलटसुलट धरून बघितला आणि विचारलं, "दुसरी कोणाची?"

कुलूपराव म्हणाले की दुसरी नाही, एकच आहे. कारकुनाने उलांडीवर बोट ठेवलं. हे पोकळ आहे का? आहे. तरंगतं का? तरंगतं. मग जे पोकळ आहे आणि तरंगतं ती खात्याच्या व्याख्येप्रमाणे होडी, आणि दोन होड्यांच्या दोन नोंदी. कुलूपरावांनी सांगितलं की ती होडीचा भाग आहे, तिच्यात माणूस बसत नाही. कारकून म्हणाला की माणूस बसत नाही हा होडीचा दोष झाला, त्याला खातं काय करणार. आयुष्यभर कुलूपरावांनी दुसऱ्यांना जे ऐकवलं होतं ते आज त्यांना ऐकावं लागत होतं, आणि ते किती संतापजनक असतं हे त्यांना प्रथमच कळलं. त्याचा पुढे त्यांच्या नोकरीवर काही परिणाम झाला असं मात्र ऐकिवात नाही. शेवटी असं ठरलं की खात्याचा निरीक्षक होडी जिथे ठेवली आहे तिथे येऊन एक का दोन ते स्वतः बघेल.

निरीक्षक आला तो सुट्टीच्या दिवशी सकाळी. इमारतीखाली घोळका होताच. त्याने मोठ्या आवाजात विचारलं की गच्चीवर होडी ठेवलेली इमारत हीच का. मग सगळे एकामागून एक जिना चढायला लागले, काकू सगळ्यांच्या पुढे. कुलूपराव दाराशी आडवे उभे राहिले, पण सरकारी माणसाला अडवायचं कसं. कुलूप उघडलं. टायरांवर होडी, तिच्यात काळं वल्हं, आणि दोरीवर वाळत घातलेली रबरी चड्डी सगळ्यांनी शांतपणे बघितली. निरीक्षकाने होडीभोवती एक चक्कर मारली, दांड्या हलवून पाहिल्या, एकच आहे म्हणाला आणि निघून गेला. बाकीचे गेले नाहीत.

त्यानंतर जिन्यात जे झालं त्याला सभा म्हणणं धाडसाचं होईल. आजोबा पंपाच्या तेलाबद्दल बोलत होते. काकूंना इतकंच जाणून घ्यायचं होतं की होडी चालते तर कुंड्या का चालत नाहीत, आणि हे त्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारत होत्या. कुलूपराव सेक्रेटरी आणि रहिवासी यांतला फरक समजावत होते आणि कोणी समजून घेत नव्हतं. तेव्हा दंतवैद्याने हात वर केला. दाढ उपटण्याआधी तो ज्या गोड आवाजात बोले त्या आवाजात तो म्हणाला, "सेक्रेटरीसाहेब, भांडण कशाला? खुल्या दिवशी तुम्ही येणारच आहात. बोयाला वळसा घालून काठावर परत या. आलात तर किल्ली तुमची, गच्चीचं आम्ही नाव काढणार नाही. नाही आलात तर किल्ली काकूंकडे द्यायची."

बोया म्हणजे तलावाच्या मध्यावर साखळीने बांधलेला, केशरी रंगाचा तरंगता गोळा. कुलूपरावांनी अट दंतवैद्याकडून पुन्हा एकदा शब्दन् शब्द म्हणवून घेतली. मग ते उजवीकडे कलले, किल्ली चाचपली आणि कबूल म्हणाले. मागे त्यांची बायको उभी होती. ती गच्चीच्या उघड्या दारातून वर दिसणाऱ्या आभाळाकडे बघत होती, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

मग सल्ले सुरू झाले. ज्या माणसाची फजिती व्हावी असं सगळ्यांना वाटतं त्याला सल्ला देण्यात कोणी हात आखडता घेत नाही. आजोबा म्हणाले पाण्याकडे बघू नका, घेरी येते. तळमजल्यावरचा शिंपी म्हणाला पाण्याकडेच बघा, आभाळाकडे बघितलं की तोल जातो. एकाने रिकाम्या पोटी जायला सांगितलं, दुसऱ्याने भरपेट. ऑफिसात त्यांनी सहज चौकशी केली की असा काही खेळ खेळताना आपल्याला काही झालं तर कंपनीचा विमा लागू होतो का. सहकाऱ्याने अटींचा कागद काढून दाखवला. हौशी जलक्रीडा त्यात वगळलेल्या होत्या, आणि ती अट खुद्द कुलूपरावांनीच घालून घेतली होती. सहकारी त्यांचं अभिनंदन करून गेला.

खुल्या दिवशी सगळी इमारत तलावावर लोटली. सकाळीच कामगारांकडून होडी खाली उतरवून आणली होती. मेहुणाही आला होता आणि खूप मागे, झाडाखाली उभा होता. कुलूपराव जाकीट, टोपी, नळी अशा थाटात गाडीतून उतरले तेव्हा क्लबाच्या माणसांनी त्यांना कुठला तरी परगावचा विजेता समजून वाट करून दिली. बाकीचे सगळे जुन्या बनियनवर आणि लाकडी वल्हं घेऊन आले होते. दंतवैद्याच्या डोक्याला तर चक्क दवाखान्यातला हिरवा रुमाल होता.

क्लबाच्या प्रशिक्षक बाईंनी एकच गोष्ट सांगितली, पण तीनदा सांगितली. वजन डावीकडे, उलांडीवर. घाबरलात तर डावीकडे, थकलात तर डावीकडे, काही सुचेनासं झालं तरी डावीकडे. उजवीकडे कललात की उलांडी हवेत, आणि उलांडी हवेत गेली की तुम्ही पाण्यात. कुलूपरावांनी मान डोलावली. त्यांच्या गच्चीवरच्या अनुभवाशी हे जुळत नव्हतं, पण बाईमाणसाशी वाद कशाला, असं मनात म्हणून ते होडीकडे वळले.

रबरी चड्डीला पट्टा नसल्यामुळे किल्ली त्यांनी नाडीला उजवीकडे बांधली होती. बायको काठापर्यंत आली. "किल्ली माझ्याकडे द्या," ती हळू आवाजात म्हणाली. "पाण्यात कशाला नेताय? मी काय घेऊन पळणार आहे?"

"राहू दे," कुलूपराव म्हणाले.

दंतवैद्य, काकू, आजोबा, शिंपी, सगळ्यांनी ते ऐकलं, आणि प्रत्येकाने दुसरीकडे बघितलं. कुलूपरावांना मात्र त्यात बघण्यासारखं काही वाटलं नाही. त्यांनी नळीतून एक घोट घेतला आणि होडीत अडकून घेतलं.

आणि आश्चर्य असं की होडी चालली. नागमोडी चालली, एकदा लव्हाळ्यात शिरून आली, एका पाणकोंबडीला घर सोडावं लागलं, पण चालली. वारा नव्हता, पाणी सपाट होतं, उलांडी निमूटपणे शेजारून येत होती. "हप्प" म्हटलं की आवाज पाण्यावरून काठापर्यंत जात होता आणि काठावरचे आजोबा दर वेळी दचकून, आता कळलं, असं म्हणत होते. बोया जवळ आला. काठावर काकू पाण्याच्या अगदी कडेपर्यंत पुढे आल्या होत्या. हा माणूस जिंकला तर आता कुंड्यांचा विषय कायमचा संपला, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

बोया कुलूपरावांच्या हातभर पुढे होता. जिंकलो, असं त्यांच्या मनात आलं. किल्ली आपली, असंही आलं. आणि किल्ली म्हटल्याबरोबर शंका आली की ती आहे ना जागेवर. वर्षानुवर्षांची सवय, तिला पाणी काय आणि जमीन काय. हात उजव्या कमरेकडे गेला आणि पाठोपाठ कुलूपराव उजवीकडे कलले.

उलांडी हवेत गेली. ती इतक्या सावकाश वर गेली की काठावरच्या सगळ्यांना ती नीट बघता आली. मग सगळं पिवळं, काळं आणि रबरी एकदम पाण्यात गेलं. थोड्या वेळाने आधी टोपी वर आली, मग वल्हं वर येऊन भलत्याच दिशेला निघालं, आणि मग एक हात वर आला. त्या हातात किल्ली होती. खाली जाकिटात अडकलेले कुलूपराव एका हाताने पाण्याला चापट्या मारत होते आणि दुसरा उंच धरून होते. बाई काठावरून ओरडत होत्या की दोन्ही हातांनी होडी धरा. पितळ पाण्याने विरघळत नाही हे कुलूपरावांनाही ठाऊक असावं, पण हात खाली आला नाही. होडी मोकळी होऊन लव्हाळ्याकडे गेली.

बचावाची मोटरबोट गेली. कुलूपरावांना तिच्यात चढता येईना, कारण चढायला दोन हात लागतात. शेवटी त्यांनी एका हाताने मागची दोरी धरली आणि बोट निघाली. क्लबाची शिस्त अशी की कुठलीही बोट असो, ती बोयाला वळसा घालूनच परत फिरणार. त्याप्रमाणे मोटरबोटीने वळसा घातला. मागून, हनुवटीपर्यंत पाण्यात आणि एक हात आभाळाकडे, कुलूपरावांनीही घातला.

काठावर येऊन तोंडातलं पाणी थुंकायच्याही आधी ते जे पहिलं वाक्य बोलले ते त्यांच्या साऱ्या नोकरीचं सार्थक करणारं होतं. "बोयाला वळसा घातला," ते म्हणाले, "आणि काठावर परत आलो. कसं यायचं ते अटीत नव्हतं."

दंतवैद्याने आठवून बघितलं. त्याचे स्वतःचेच शब्द होते, आणि कुलूपरावांनी ते पुन्हा म्हणवूनही घेतले होते. त्याने डोक्याचा हिरवा रुमाल सोडून पिळला आणि किल्ली तुमचीच म्हणाला. काकू एकट्याच चालत गाड्यांकडे निघाल्या. कुलूपरावांची बायको टॉवेल घेऊन आली होती. तो तिने त्यांच्या हातात दिला, अंगावर घातला नाही.

संध्याकाळी होडी इमारतीत परत आली आणि फाटकात आडवी पडली. सकाळचे कामगार सुट्टी घेऊन गेले होते. फाटक अडवणारी वस्तू क्षणभरही चालणार नाही, असा फलक कुलूपरावांच्याच सहीने तिथे लागलेला होता, आणि त्याच्याखालीच त्यांची होडी पडली होती. कुठूनतरी माणसं आणून ती वर ओढायला हवी होती. ते फोनवर फोन करत उभे होते तेव्हा दंतवैद्य पुढे आला. माणसं कशाला शोधता, आम्ही आहोत की, म्हणाला. शिंपी आला, आजोबा आले, काकूंनीही पदर खोचला. हरलेल्या लोकांनी इतकं मन मोठं करावं, हे कुलूपरावांना योग्यच वाटलं. दोर गच्चीवरून ओढायचे होते, म्हणून त्यांनी वर जाऊन स्वतःच्या हाताने कुलूप उघडलं आणि सगळ्यांना आत घेतलं.

होडी वर आली. टायरांवर ठेवली गेली, उलांडी कट्ट्यावर टेकली. कुलूपरावांनी सगळ्यांचे मोजून आभार मानले आणि दाराशी जाऊन उभे राहिले. "चला आता," ते म्हणाले, "कुलूप लावायचंय."

कोणी हललं नाही. पोरं आधीच टाकीमागे लपाछपी खेळत होती. आजोबा कठड्याला टेकून लांबचं काहीतरी बघत होते, बहुधा काहीच बघत नव्हते. शिंपी पाठ टेकून आडवा झाला होता. दंतवैद्य त्याला बगळे कुठून येतात ते हाताने दाखवत होता. कुलूपरावांनी पुन्हा सांगितलं, यावेळी सेक्रेटरी म्हणून. तेव्हा त्यांच्या बायकोने चपला काढल्या, होडीत पाय ठेवला आणि आत बसली. होडी अरुंद होती, पण ती नीट बसली.

"तुम्ही लावा कुलूप," ती म्हणाली. "आम्ही आहोत इथेच. मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा आभाळ अख्खं दिसतंय. मी काही आज खाली येत नाही."

कुलूपरावांनी भराभर अटी आठवून बघितल्या. किल्ली त्यांची होती, त्यात वाद नव्हता. गच्चीचं नावही कोणी काढत नव्हतं, सगळे नुसते तिथे होते. बाहेरून कुलूप लावावं तर आत माणसं, त्यांत स्वतःची बायको, आणि कोंडलेल्या माणसांना काही झालं तर जबाबदारी कुलूप लावणाऱ्याची, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. पळवाट शोधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, पण ही त्यांना सापडेना. शेवटी त्यांनी उघडं कुलूप कडीला नुसतं अडकवलं आणि ते जिना उतरू लागले.

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर काकू भेटल्या. त्या मधेच कधी खाली जाऊन आल्या होत्या आणि त्यांच्या दोन्ही हातांत एकेक कुंडी होती. "जरा बाजूला व्हा," त्या म्हणाल्या. कुलूपराव भिंतीला चिकटून उभे राहिले आणि कुंड्या वर गेल्या. मग सवयीने त्यांचा हात उजव्या कमरेकडे गेला, ते कलले, आणि कठडा होता म्हणून पडले नाहीत. किल्ली जागेवर होती.